डिस्क मोजायची कुठे?

खोक्यावर ‘सिरॅमिक’ लिहिलंय म्हणून हेच पॅड आणले, हे उत्तर माझ्यासमोर पुन्हा द्यायचं नाही. दोन वर्षांचा ट्रेड संपत आला तुझा. अजूनही खोकं वाचूनच ब्रेक निवडायचा असेल तर दुकानाच्या काउंटरवर उभा राहा, गाडीखाली जाऊ नकोस.

गाडी कुठे धावते, हे मालकाला विचारलंस? नाही विचारलंस. मी विचारलं. दर आठवड्याला पुणे-पनवेल, मागे तीन माणसं, डिकी भरलेली. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत 500 मीटरहून जास्त उतार आहे. माणसांसकट 1300 किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यावर वीस लिटर पाण्याला आधण येईल. काही वाटा हवा घेते, गिअर खाली टाकला तर बराच इंजिन घेतं. उरलेली बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये आणि तू आणलेल्या चार पॅडमध्ये शिरते. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे गणित तुला मी फळ्यावर शिकवलंय.

सिरॅमिक पॅडची काळी पूड कमी, आवाज कमी, हे खरं आहे. पण प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं असतं. त्या एका शब्दावरून तापल्यावर पकड किती टिकेल हे कळत नाही. मऊ ऑरगॅनिक पॅड गावातल्या गावात गोड चालतो, घाटात लवकर हात टेकतो. सेमी-मेटॅलिक ताप सोसतो, पण आवाज करतो आणि डिस्क जास्त खातो. म्हणून सुरुवात गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या पॅडपासून करायची, किंवा त्याच दर्जाचा, पक्क्या बिलावर घेतलेला पॅड वापरायचा. त्यापलीकडे जायचं असेल तर कारण तोंडाने सांगता आलं पाहिजे. भोकं पाडलेल्या डिस्कचं नाव तर काढूच नकोस. रोजच्या गाडीला त्यांचा उपयोग दिसण्यापुरता, आणि तडे जातात ते त्या भोकांपासूनच.

दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदललेस, तेवढं बरोबर केलंस. पण डिस्क? ‘मोजली, 20.8 भरली’ म्हणालास. कशाने मोजलीस? व्हर्नियरने, आणि तीही बाहेरच्या कडेवर! त्या कडेला पॅड कधी टेकतच नाही. तिथे गंजाचा ओठ उभा राहतो, व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर बसतात आणि झिजलेली डिस्क तुला जाड दिसते. मी मायक्रोमीटर आत, पॅड जिथे घासतो तिथे लावला. आठ ठिकाणी मोजली. सगळ्यात पातळ जागी 19.6. या डिस्कवर किमान जाडी 20 कोरलेली आहे. चिंधी घेऊन पुसली असतीस तर तुलाही वाचता आली असती. अशी डिस्क लेथवर फेस मारूनही वापरायची नसते, कारण फेस मारला की ती आणखी पातळ होते. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, आणि तिच्या शेजारीच ब्रेक ऑइल असतं. ताजं डॉट 4 ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं ऑइल 155 अंशांनाही उकळू शकतं. ऑइल उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल सरळ तळाला. त्या वेळी मागे कोण बसलंय याचा विचार केलास? या मालकाने ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही तू विचारलं नाहीस.

नवीन डिस्क बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. तिथे राहिलेली बारीकशी खपली डिस्कच्या कडेला मोठी डगमग होऊन दिसते. मग काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कमी-जास्त झिजते, स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी निघाली. डिस्कचा दोष नसतो, बसवणाऱ्याचा असतो. डायल गेज लावून बघ; आणि किती चालेल ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधून वाच, अंदाजाने नाही. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धू. जुनी पूड हवा मारून उडवायची नाही, ती छातीत जाते. तुझ्याही आणि शेजारच्या पोरांच्याही.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, हे विसरणारा पहिल्याच भिंतीवर आदळतो. नंतर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा आण, मध्ये निवू दे, आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभा राहू नकोस.

आता दोन्ही डिस्क उतरव. मालकाला फोन तूच करायचास, आणि आज गाडी का मिळणार नाही ते खरं सांगायचंस.