जन्मभूमीचे नागरिकत्व: नाते की करार?

स्वेच्छेने सोडलेले किंवा हिरावून घेतले गेलेले नागरिकत्व जन्मदेशाकडे पुन्हा मागता येते का, या प्रश्नाचे उत्तर कायदा देतो. पण त्या उत्तरामागे निष्ठेविषयीची एक कल्पना असते. देशाशी असलेले नाते जन्माने कायमचे ठरत असेल तर ते तुटूच शकत नाही, मग परत मिळवायचे काय? ते करार असेल तर मोडता येते, पण पुन्हा जोडायला दोन्ही पक्षांची संमती लागते.

प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात हे दोन्ही विचार एकत्र येतात. अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसला आधी सांगतात की आम्हीच तुला जन्म दिला, वाढवले, म्हणून आम्ही आईबापांच्या जागी आहोत. मग म्हणतात, आम्ही पसंत नसतो तर चीजवस्तू घेऊन निघून जायला तू मोकळा होतास; तू राहिलास, म्हणजे करार तुला मान्य होता. भारतीय परंपरेतही न निवडलेल्या बांधिलकीची कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेप्रमाणे ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांची ऋणे घेऊनच जन्मतो. त्या यादीत राजा किंवा राज्य नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इंग्लंडने मात्र जन्माच्या बंधनाला राज्यसत्तेची धार दिली. 1608 च्या कॅल्विन खटल्यातून रुजलेल्या तत्त्वानुसार जन्माने जडलेली राजनिष्ठा आमरण सुटत नसे. म्हणूनच अमेरिकेचे नागरिक झालेल्या इंग्रज खलाशांनाही ब्रिटिश आरमार भर समुद्रात पकडून नेई. 1812 च्या युद्धाच्या कारणांपैकी ते एक. पुढे 1868 साली अमेरिकेने देश सोडणे हा माणसाचा हक्क असल्याचे कायद्याने जाहीर केले आणि 1870 साली ब्रिटननेही आपले जुने तत्त्व टाकून दिले.

भारताने कराराची बाजू घेतली आणि ती कडकपणे घेतली. राज्यघटनेचा अनुच्छेद 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 यांनुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. परतीची वाट आहे, पण ती अर्जाची. पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असलेल्या, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक तसा होता अशा सज्ञान व्यक्तीला अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहून नोंदणी मागता येते, आणि दुसरा पासपोर्ट सोडावा लागतो. ज्यांना तो सोडायचा नाही त्यांच्यासाठी 2006 पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. ते आजीवन व्हिसा देते, नागरिकत्व नाही. कोकणातले वडिलोपार्जित शेत ओसीआयधारकाला वारसाने मिळू शकते, पण शेजारचा वाफा विकत घेता येत नाही. गणपतीला घर उघडता येते, ग्रामपंचायतीला मत देता येत नाही.

गोव्यात पेच आणखी खोल आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि 1962 च्या आदेशाने तिथले लोक भारतीय नागरिक ठरले. नको असेल त्यांना तसे कळवण्यासाठी एक महिना दिला गेला. पोर्तुगालच्या दृष्टीने मात्र त्याआधी तिथे जन्मलेला माणूस जन्मानेच पोर्तुगीज आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंद करणारा गोवेकर पोर्तुगालच्या लेखी जुनाच हक्क नोंदवतो. भारताच्या लेखी मात्र पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारणे म्हणजे भारतीय नागरिकत्व गमावणे.

जिथे नागरिकत्व हिरावून घेतले गेले तिथे करार आणि स्वेच्छा हे शब्द अपुरे पडतात. 1941 च्या फर्मानाने नाझी राजवटीने परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. जर्मन मूलभूत कायद्याचा अनुच्छेद 116 अशा लोकांना आणि त्यांच्या वंशजांना, त्यांनी मागितल्यास, ते परत देतो. 1968 साली तिथल्या घटना न्यायालयाने ते फर्मान न्यायाच्या इतके विरुद्ध ठरवले की ते मुळापासूनच रद्द मानले. तरीही ज्याला तो देश नको झाला त्याच्यावर नागरिकत्व लादायचे नाही, हा नियम टिकला. माणसाच्या इच्छेची इतकी कदर करणारे उदाहरण क्वचितच सापडेल. फिलिपिन्सने 2003 च्या कायद्याने वेगळा मार्ग धरला: परदेशी नागरिकत्व घेतलेल्या जन्मजात फिलिपिनोने निष्ठेची शपथ घेतली की त्याने नागरिकत्व गमावलेच नव्हते असे मानले जाते. दुसरा पासपोर्टही त्याच्याकडे राहतो.

दुहेरी नागरिकत्वावरचा खरा आक्षेप युद्धाचा आणि सत्तापदांचा आहे, आणि तो खोटा नाही. दोन सैन्ये एकाच माणसाला बोलावू शकतात. म्हणून एकनिष्ठा मागण्याचा भारताला अधिकार आहे. पण जो करार मुलाने केला नाही तो त्याने मोडला असे म्हणता येत नाही. भारतीय नागरिकत्व कायद्याचे कलम 8(2) आईवडिलांनी नागरिकत्वाचा त्याग केल्यास मुलाला सज्ञान झाल्यावर एका वर्षात घोषणेने ते परत घेऊ देते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आईवडिलांचे नागरिकत्व परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे कलम 9 खाली आपोआप संपले असेल, तर ही सवलत लागू होत नाही. परदेशी स्थिरावलेल्या बहुतेक कुटुंबांत घडते ते हेच. न्यायालयाने शब्दाला धरून अर्थ लावला. शब्द बदलण्याचे काम संसदेचे आहे, आणि तिने ही सवलत त्या मुलांनाही द्यावी.