1959 साल विकत घेताना

अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात 1958 ते 1960 या काळात गिब्सनने ‘लेस पॉल स्टँडर्ड’ गिटारीला सनबर्स्ट रंग दिला: कडेला लाल, मध्ये पिवळा. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. तरी ती फारशी खपली नाही, आणि कंपनीने तिच्या जागी दोन शिंगांची, पातळ अंगाची गिटार आणली. आज त्या नकोशा ठरलेल्या गिटारींना काही लाख डॉलर पडतात, आणि गिब्सन स्वतःच 1959च्या गिटारीच्या नव्या आवृत्त्या काढते. जुनी घ्यावी की नवी, हा प्रश्न वरवर ऐपतीचा दिसतो. मला तो गेलेल्या काळाकडून आपण काय मागतो याचा वाटतो.

जुन्या वाद्याचं मोठेपण खरं आहे. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांच्या हमबकर पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागावर, तेव्हा तारेचे वेढे काटेकोर मोजून घातले जात नसत, चुंबकही एकाच प्रतीचे नसत. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गिटारी वेगळ्या बोलतात. लाल रंग उजेडात विटत गेला. काही गिटारींवर तो पुरता उडून नुसता पिवळा उरला. नायट्रोसेल्युलोज लॅकरला बारीक तडे गेले. यातलं काहीच कुणी ठरवून केलं नव्हतं. नव्या आवृत्तीत मात्र प्रत्येक तडा ठरवून पाडावा लागतो.

‘ग्रीनी’चं उदाहरण विलक्षण आहे. गिटारवादक पीटर ग्रीनच्या या 1959च्या लेस पॉलमध्ये मानेजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की त्यांचे सूर एकमेकांना काहीसे खोडतात आणि उरतो तो पोकळ, अनुनासिक आवाज. ग्रीनकडून ती गिटारवादक गॅरी मूरकडे गेली, 2014 साली मेटालिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आली, आणि 2023 मध्ये गिब्सनने तिची प्रतिकृती काढली, तो उलटेपणा जसाच्या तसा ठेवून. एका वाद्याचा दोष आता कारखान्यात मोजूनमापून घडतो. यात मला हास्यास्पद काही दिसत नाही. उलट तो एका कानाला दिलेला मान वाटतो.

लाकडाची नक्कल मात्र अवघड. जुन्या गिटारींत वापरलेल्या ब्राझिलियन रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक निर्बंध आहेत. नव्या गिटारींच्या फिंगरबोर्डला बहुधा भारतीय रोजवूड असतं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसवी. तिला उणं का मानावं, हे मला कधी पटलेलं नाही.

एरिक क्लॅप्टनने जी लेस पॉल मार्शल अँप्लिफायरला जोडून जॉन मेयॉलबरोबरची 1966ची तबकडी वाजवली, ती तेव्हा फार तर सात-आठ वर्षांची होती. त्याला पुरातन वस्तू नको होती, दणदणीत आवाज हवा होता. त्याच्या वाटेनं जायचं तर नवी आवृत्ती घेऊन ती रोज वाजवणं हेच जास्त जवळचं. मी तीच घेईन, पण कृत्रिमरीत्या जीर्ण केलेली नाही. झीज माझ्या हातांनी होऊ दे. आणि जुनी घेणाऱ्यानं ती तिजोरीत ठेवू नये. हॅमेट ग्रीनी मेटालिकाच्या मैफलींत नेतो, मंचावर वाजवतो. एवढी किंमत मोजण्याचं मला पटणारं कारण तेवढंच आहे.