गॅस कोणाच्या वाट्याला?

देशाच्या एकूण ऊर्जावापरात नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, असं केंद्र सरकारचं उद्दिष्ट आहे. आज तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास रेंगाळतोय. २०१०च्या सुमारास होता त्याहूनही कमी. आपल्याकडे गॅसचे साठेच कमी, हे त्याचं अर्धंच उत्तर. गॅस किती आणि कुठे जळणार, हे साठ्यांपेक्षा दिल्लीत ठरणारे दर आणि कर जास्त ठरवतात.

ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर एप्रिल २०२३पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के धरला जातो. किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर हे ठरलं. त्या वेळी दर एमएमबीटीयूला (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट) किमान चार आणि कमाल साडेसहा डॉलर अशी मर्यादा घातली गेली. या स्वस्त गॅसवर पहिला हक्क सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसचा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी सीएनजीवर आली ती न्यायालयाच्या रेट्यामुळे. पण टिकली ती भाव परवडला म्हणून. डिकीतली सामानाची जागा टाकीला देऊन टाकायला चालक तयार झाला, तो रोजच्या धंद्यात चार पैसे सुटायला लागले तेव्हा. हवा सुधारण्याचा हेतू आणि खिशाचं गणित इथे जुळलं.

वीजनिर्मितीत ते जुळलं नाही. गॅसवरच्या विजेतून कोळशाच्या तुलनेत साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तरी देशातले सुमारे २० हजार मेगावॅटचे गॅस प्रकल्प बहुतेक काळ थंड असतात. दाभोळचा १,९६७ मेगावॅटचा प्रकल्प एन्रॉनच्या भानगडीतून सावरला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर काही वर्षं चालला आणि तो गॅस आटल्यावर २०१३च्या अखेरीस बंद पडला. २०१५मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग पुन्हा सुरू करावा लागला. आयात गॅसची वीज महाग, आणि वीज घेताना आधी स्वस्त, मग महाग असा क्रम लागतो. त्यात कोळसाच पुढे राहतो.

आयातीच्या भरवशावर काय होतं, ते गुजरातमधल्या मोरबीत दिसलं. तिथल्या टाइल्सच्या भट्ट्यांना कोळशापासून गॅस करणारी संयंत्रं जोडलेली होती. त्यातून डांबरासारखा चिकट, विषारी गाळ निघायचा. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती बंद करायला लावली आणि भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या. पर्यावरणाच्या एका आदेशाने अख्खं गाव इंधन बदलू शकतं, याचं हे चोख उदाहरण. पुढे युक्रेन युद्ध पेटलं. आशियाच्या खुल्या बाजारात २०२०मध्ये दोन डॉलरच्या आसपास आलेला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) ऑगस्ट २०२२मध्ये सत्तरच्या घरात गेला, आणि अनेक भट्ट्या प्रोपेनवर गेल्या. त्यांना दोष कसा द्यायचा? आदेश कायम होता, भावाचा आधार मात्र कुणीच दिला नव्हता.

माझा खरा आक्षेप करांवर आहे. नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. कारखान्याने कोळसा घेतला तर त्यावरच्या जीएसटीची वजावट मिळते. गॅसवर भरलेला व्हॅट मात्र अंगावर पडतो. म्हणजे स्वच्छ इंधन निवडणाऱ्यालाच भुर्दंड! कोळशावर २०१०मध्ये ५० रुपये टनाने सुरू झालेला आणि पुढे ४०० रुपयांपर्यंत गेलेला उपकरही सप्टेंबर २०२५मध्ये गेला. त्याच्या जागी जीएसटी वाढवला, पण कारखान्याला तो वजा करून मिळतोच.

गॅस म्हणजे पुण्य नव्हे. त्यातल्या मिथेनची गळती झाली तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक तापवतो. म्हणून गॅस सरसकट जाळू नये. सूर्य मावळल्यावर वाढणारी विजेची मागणी आणि विजेवर सहज न चालणाऱ्या भट्ट्या, इथे तो आधी जावा. पण त्यासाठी भावाने वाट मोकळी करायला हवी.

महाराष्ट्राने एप्रिल २०२२मध्ये गॅसवरचा व्हॅट १३.५वरून ३ टक्क्यांवर आणला. महसुलावर पाणी सोडण्याची तयारी दाखवलेल्या या राज्यानेच आता जीएसटी परिषदेत गॅसचा विषय लावून धरावा.