हसण्याचा पहिला मान

चिपळूणच्या मास्तरांचं सहस्रचंद्रदर्शन पार पडलं. संध्याकाळी पाहुणे ओटीवर विसावले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मास्तर, लग्नानंतरची एखादी गंमत सांगा की!" मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "ती हिची आहे. हिला विचारा."

आजींनी पदर सावरला. "१९६९चा जून. मांडवपरतणं आटोपून आम्ही कराडहून एसटीने निघालो. गाडीत ही गर्दी. मी पुढे बायकांत, हे मागे. पाटणला हे चहाला उतरले आणि परत चढले ते शेजारच्या गाडीत. दोन्ही लालच! ती निघाली होती कराडला. बसल्या बसल्या ह्यांचा डोळा लागला. इकडे कुंभार्ली घाट उतरून मी चिपळूणला पोचले. धो धो पाऊस, हातात ट्रंक, मागे वळून बघते तर नवरा नाही! घराची वाट कुणाला ठाऊक? वरात आली होती रात्रीची. चौकशीच्या खिडकीतले साहेब विचारतात, 'यजमानांचं नाव?' आता ते कसं घ्यायचं? शेवटी डोळे मिटले आणि लग्नातला उखाणाच म्हटला. अख्ख्या स्टँडाने टाळ्या वाजवल्या! साहेब म्हणाले, 'अहो, हे तर आमच्या पोराचे मास्तर!' शिपाई घरी धावला, आणि सासूबाई छत्री घेऊन मला न्यायला आल्या."

ओटी हसून हसून बेजार झाली. मग मास्तरांनी आपली सांगितली. त्यांची कवितांची वही रद्दीत गेली आणि पुढच्या आठवड्यात भेळेच्या पुडीवर त्यांना स्वतःचीच कविता भेटली. "छापून आली नाही, पण खपली!" वही रद्दीत घातली होती आजींनी. पण ह्या गोष्टीत त्यांनी एक शब्दही घातला नाही.

नातवाला चेव आला. "आता आमच्या हिचं ऐका! गेल्या गणपतीत हिने एकवीस मोदक केले. पात्र उघडतो तर एकूण एक हसलेले! नुसता लगदा!" सगळे पुन्हा हसले. नातसूनही हसली, आणि पाण्याचे तांबे भरायला म्हणून आत गेली.

आजींनी नातवाला माजघरात बोलावलं.

"अरे, त्या रात्री मी हसले नव्हते. नवरा टाकून गेला असंच वाटलं होतं मला. हात कापत होते. आणि हे आल्यागेल्याला गंमत म्हणून सांगायला लागले की मी चुलीपाशी जाऊन बसायची. एकदा सासूबाईंनी ह्यांना सगळ्यांदेखत थांबवलं. म्हणाल्या, 'रडली ती. हसायचं कधी, ते तिला ठरवू दे.' त्यानंतर ह्यांनी अवाक्षर काढलं नाही. कितीजणांनी खोदून विचारलं! तुझा बाबा रांगायला लागला, त्या वर्षी हळदीकुंकवाला मीच आपणहून सांगितली, आणि उखाण्यापाशी आले तर मलाच हसू आवरेना. हे बाहेर झोपाळ्यावर होते. आत डोकावून म्हणाले, 'मी कुठल्या गाडीत चढलो ते राहिलं की!'"

आपल्या माणसाच्या फजितीवर आपण फार लवकर हक्क सांगतो. मास्तरांनी तो कितीतरी वर्षं सांगितला नाही. ह्या संसारातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

नातू मागच्या पडवीत गेला. "तुला वाईट वाटलं?"

"मोदक फुटल्याचं नाही रे," ती म्हणाली. "आई श्रावणात गेली. तिची उकड मी आठवून आठवून करत होते. पाणी किती घालायचं ते विचारायला फोन हातात घेतला, आणि मग लक्षात आलं."

मोदकांची गोष्ट त्याने वर्षभर, दिसेल त्याला सांगितली होती. तिच्यात सासूबाई कुठेच नव्हत्या. काय बोलावं ते त्याला सुचेना. तो पायरीवर बसला आणि विचारू लागला, आई सारणात काय घालायच्या, कळ्या किती काढायच्या, पारी इतकी पातळ कशी व्हायची. ती सांगत गेली. आधी अडखळत, मग भरभरून.

"आणि एकदा तर आईचेच सगळे फुटले! बाबांनी ते तसेच पानात वाढले आणि पाहुण्यांना म्हणाले, बाप्पाने आधीच चाखून पाहिलेत..." पुढचं तिला हसण्यामुळे सांगताच येईना.