रक्ताला काय विचारायचं?

मैंदर्गीत छोटी लॅब चालवणारा अण्णा आणि त्याची थोरली बहीण यांच्यातलं हे बोलणं.

अक्का : शेजारचा उद्या साखर तपासायला येतोय. त्याच रक्तात दारूचंही बघून टाक. त्याला सांगू नकोस, त्याच्या बायकोनंच विनवलंय.

अण्णा : बघू काय? यकृताचं जीजीटी वाढलेलं दिसेल, पण ते फॅटी लिव्हरनंही वाढतं, फिटच्या गोळ्यांनीही. लाल पेशी फुगलेल्या दिसतील. आपल्याकडे कित्येक घरं शाकाहारी. बी-१२ कमी पडलं तरी पेशी फुगतात. न पिणाऱ्यावरही शिक्का बसायचा.

अक्का : म्हणजे पक्की तपासणी नाहीच?

अण्णा : आहे. पेथ म्हणतात तिला. दारू पोटात गेल्याशिवाय ते द्रव्य रक्तात तयारच होत नाही, आणि २ ते ४ आठवडे टिकतं. नमुना मात्र मोठ्या लॅबला पाठवावा लागतो.

अक्का : मग पाठव की. तो खोटं बोलतो, रक्त तर बोलणार नाही.

अण्णा : रक्त एवढंच सांगेल, की प्यायला. सुटत नाही का, ते नाही सांगणार. सकाळी हात थरथरतात का, पूर्वी एका क्वार्टरवर भागायचं ते आता भागत नाही का, सोडायचं ठरवून किती वेळा मोडलं, यावर व्यसनाचं निदान होतं. ते त्याच्याच तोंडून यायला हवं. आणि त्याच्याच रक्ताला त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं करायचं, त्याला खबरही न देता?

अक्का : बेशुद्ध पडला असता तर विचारलं असतंस?

अण्णा : नसतं. पण हा स्वतःच्या पायांनी येतोय.

अक्का : आणि त्याची बायको मार खाते, तेव्हा तिला कुणी विचारतं?

अण्णा : नाही विचारत. पण तिला वाचवायला त्याचा रिपोर्ट लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ सालचा कायदा आहे. उलट कागद हाती पडला की घरचे त्याला कोंडतील. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, माणूस दगावतोही. सोडवायची तर सोलापूरला, सिव्हिलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अक्का : सोपं बोलतोस. पोलीस ठाण्याची पायरी ती एकटी चढेल?

अण्णा : नाही चढणार. म्हणून तू बरोबर जा. त्याला मी विचारतो, सुई टोचायच्या आधी. हो म्हणाला तर नमुना पाठवतो. दारू सोडल्यावर पेथचा आकडा उतरताना पाहिला की त्यालाही बळ येईल. नाही म्हणाला तर फक्त साखर. आणि तिला आजच टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत.