कोणासाठी जागायचे?



घरभेटीला गेलो की एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. "फादर, आमच्या मुलाला जरा समजवा. दिवसभर झोपतो, कोणात मिसळत नाही, कानात ते बोंडूक घालून काहीतरी किंचाळणं ऐकत बसतो. तुमचं ऐकेल तो." हे बोलताना आई आवाज खाली आणते, कारण तो मुलगा आतल्या खोलीत झोपलेला असतो आणि वेळ सकाळी अकराची असते.

झोप, एकलेपणा आणि गाणी, असे हे तीन आरोप. त्यांतला कोणता खरोखर नीतीचा प्रश्न आहे आणि कोणता नुसता सवयीचा, हे आज थोडे तपासून पाहावे असे वाटते. माणूस चांगला की वाईट हे त्याच्या घड्याळावरून ठरते का? आपण तसे उघड म्हणत नाही, पण वागतो मात्र तसेच. लवकर उठणारा तो सद्गुणी आणि दुपारी उठणारा तो बिघडलेला!

रात्रीचे काम आपल्या वसईला नवे नाही. पहिल्या गाडीने भाजी, दूध, फुले मुंबईला पोहोचवायची तर आपल्या आजी-आजोबांना मध्यरात्रीनंतर अंथरुणात राहून चालत नसे. पहाटेच्या अंधारात राहाट सुरू होत. कोळी बांधव भरती-ओहोटी पाहून निघतात, घड्याळ पाहून नव्हे. त्या माणसांना कोणी बिघडलेले म्हटले नाही, कारण सारा पाडा त्यांच्याबरोबर उठत होता आणि दिवेलागणीनंतर त्यांच्याबरोबर झोपतही होता. रात्र कष्टाची होती, पण ती सर्वांची होती.

आजच्या मुलाची रात्र त्याची एकट्याची आहे. मालाडकडच्या कचेरीत बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारा आमच्या परिचयाचा एक सव्वीस वर्षांचा तरुण आहे. त्याला विचारूनच हे लिहीत आहोत. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मार्च महिन्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरमध्ये मागे आणतात. तिकडच्या सूर्यासाठी तिकडच्यांनी केलेली ती सोय, पण तिच्यामुळे वसईतल्या एका घरातले जेवण वर्षातून दोनदा तासभर सरकते. चार जुलैला या मुलाला सुट्टी असते. आपल्या चर्चच्या सणाला मात्र अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असे नाही. तो राहतो आपल्या पाड्यात, पण त्याचा दिवस दुसऱ्या देशातून येतो.

(जाता जाता एक गंमत सांगतो. या धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक मुलामुलींना फोनवर परदेशी नाव घ्यायला लावत. आपल्या मुलांना बाप्तिस्म्यातच तसे नाव मिळालेले, त्यामुळे तेवढा त्रास वाचला!)

आता झोपेचे पाहू. दिवसा झोपणारा तो आळशी, हे गणित मुळातच चुकीचे आहे. २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना मिळाले ते शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. हे घड्याळ उजेड-अंधाराशी बांधलेले असते. आपण पाळी बदलली म्हणून ते मुकाट्याने बदलत नाही. रात्रभर जागून सकाळी आडवे झालेल्या माणसाचे शरीर 'आता ऊठ' असेच म्हणत असते. म्हणून त्याची झोप तुटक होते, अपुरी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, आणि २०१९ साली पुन्हा, हे चक्र बिघडवणाऱ्या रात्रपाळीची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केली आहे. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये, पण हा मुलगा घरी काय घेऊन येतो आणि पगाराच्या बदल्यात काय देऊन येतो, हे निदान घरच्यांना कळावे.

मग नीतीचा प्रश्न कोणाचा? आमच्या मते तो झोपणाऱ्याचा कमी आणि जागे असणाऱ्यांचा अधिक आहे. घरात तान्हे मूल झोपले असेल तर आपण दार हळू लावतो. आजारी माणूस असेल तर मिक्सर दुसऱ्या खोलीत नेतो. कमावत्या मुलाच्या झोपेला मात्र ही सवलत नाही. दहा वाजता बेल, साडेदहाला टीव्ही, अकराला 'ऊठ, बाजारातून एवढं आणून दे.' संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना मित्रांची सहानुभूती, अश्रू, सत्याचे चिंतन अशा मोठ्या गोष्टींच्या पंगतीत झोप आणि स्नान यांनाही बसवले आहे. सेमिनरीत तो भाग शिकताना आम्ही सारे हसलो होतो. एवढ्या थोर तत्त्वज्ञाने आंघोळीची शिफारस करावी! पण त्यामागचा विचार पक्का आहे. शरीराला त्याच्या मूळ स्थितीत परत आणणारी गोष्ट मनालाही सावरते, असे त्यांचे म्हणणे.

मुलींच्या बाबतीत तर आपला न्याय आणखी वाकडा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला मनाई केली होती. आपल्या राज्यात २०१७ च्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्याने, तिची संमती असेल तर, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतही ती काम करू शकते. तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. कायदा बदलला, पण ओटी-पडवीवरची नजर बदलली नाही. मुलगा सकाळी सहाला गाडीतून उतरला की 'दमून आला बिचारा', मुलगी उतरली की 'कुठून आली ही?' आणि रात्रभर रुग्णांची सेवा करून आलेली नर्स घरात पाऊल टाकते तेव्हा भाताचे आधण तिचीच वाट पाहत असते. हा अन्याय आहे. त्याला दुसरा सौम्य शब्द आम्ही शोधणार नाही.

दुसरा आरोप, कोणात मिसळत नाही. हे अर्धेच खरे आहे. तो मिसळतो, पण आपण झोपलेले असतो तेव्हा. पहाटे तीनला कचेरीखालच्या टपरीवर चहा पिणारी पाच-सहा जणांची टोळी आहे. एकाला मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिथेच पेढे वाटले. एकाच्या वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा रक्त द्यायला हेच गेले. ही मैत्री नाही असे कोण म्हणेल?

तरीही आमच्या मनात एक शंका उरते, आणि ती त्या तरुणाने स्वतःच बोलून दाखवली. "फादर, चार वर्षांत तीसएक मित्र झाले असतील. त्यांतल्या एकाचंही घर मी पाहिलेलं नाही." पाळी बदलली की टोळी बदलते, नोकरी सोडली की फोनमधले नाव तेवढे उरते. अॅरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना आपल्या काळची एक म्हण दिली आहे. तिचा आशय असा की दोघांनी मिळून पुरेसे मीठ खाल्ल्याखेरीज त्यांना एकमेकांची ओळख पटत नाही. मीठ हे चिमटीचिमटीने खायचे, म्हणून ते संपायला वर्षे लागतात. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मैत्रीला लागणारा हा संथ वेळ रात्रपाळीत मिळत नाही. तेव्हा त्याच्या मैत्रीला नावे ठेवू नयेत, पण ती पुरेशी आहे असे समजून आपण निश्चिंतही राहू नये.

आता ते किंचाळणे. हा तरुण मेटल नावाचे संगीत ऐकतो. ढोल असे वाजतात की पत्र्यावर गारा पडाव्यात, आणि गाणारा जीव तोडून ओरडतो. २०११ साली मेटॅलिका हा वाद्यवृंद बंगळूरला आला तेव्हा त्याच्या मावसभावाने पैसे साठवून ते तिकीट काढले होते. याला वयामुळे घरून परवानगी मिळाली नाही, त्याचे दुःख अजून आहे. आम्ही विचारले, "बाबा रे, यात तुला काय सापडतं?" तो म्हणाला, "फादर, आठ तास मी सॉरी म्हणत असतो. समोरचा शिव्या घालतो, मी सॉरी म्हणतो. मग परतीच्या गाडीत कोणीतरी माझ्याऐवजी ओरडलेलं बरं वाटतं."

हे उत्तर आम्ही बरेच दिवस मनात घोळवले. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीत काही सुरावटींना बंदी घातली होती. माणसाला हळवे आणि ढिले करणाऱ्या सुरांना तिथे जागा नव्हती. त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल मात्र सांगतो की ज्यांचे मन उसळलेले असते, ते उन्मादी सूर ऐकल्यावरच शांत होतात, जणू औषध घेतल्यासारखे. आमचा हा मित्र अॅरिस्टॉटल न वाचता नेमके तेच सांगत होता. संत ऑगस्टीन यांची अडचण तर आणखी जवळची. चर्चमधली गीते ऐकताना शब्दांपेक्षा सुराचाच मोह पडतो की काय, या विचाराने ते अस्वस्थ होत. आणि तरीही गायन काढून टाकावे असे त्यांना म्हणवेना. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये वाजवण्यास मनाई केली होती. आज आपल्या गायकवृंदाचा की-बोर्ड एका रविवारी बंद पडला तर तुम्हीच कुरकुर करता! एका पिढीचा गोंगाट पुढच्या पिढीची भक्ती होतो, हे आपण आपल्याच चर्चमध्ये पाहिले आहे.

म्हणून आवाज मोठा आहे, भाषा इंग्रजी आहे, केस लांब आहेत, या हरकती आम्हाला नीतीच्या वाटत नाहीत. स्त्रीला वस्तू समजणारे किंवा दुबळ्याची टर उडवणारे गाणे असेल, तर ते मेटल असो, रॅप असो की लग्नाच्या बँडवर वाजणारे तुमचे आवडते हिंदी गाणे असो, तिथे हरकत घ्यावी. तशी हरकत आपण बँडवाल्याकडे कधी घेतली आहे का? आमची खरी काळजी गाण्याची नसून कानातल्या त्या बोंडकाची आहे. पूर्वी रेडिओ लागला की आवडो न आवडो, सारे घर ऐके. त्यावर भांडण होई आणि भांडणातून एकमेकांची आवड कळे. आता बापाला मुलाचे गाणे ठाऊक नाही आणि मुलाला बापाचे. एकाच खोलीत चार जण चार गाणी ऐकत बसतात, भांडण मुळीच होत नाही.

आपल्या मराठीत 'जागणे' हे मोठे नेमके क्रियापद आहे. डोळे उघडे ठेवणे म्हणजेही जागणे, आणि शब्दाला, खाल्ल्या मिठाला इमान राखणे म्हणजेही जागणेच. हा तरुण रात्री जागतो तो पगारासाठी, हे खरे. पण पगार कशासाठी? घराचा हप्ता, बहिणीची फी, वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. तो फोनवर अनोळखी माणसासाठी जागतो आणि त्याच वेळी घराला जागतो. मग घर त्याला जागते का? बेथलेहेमजवळच्या त्या रात्री शुभवार्ता पहिल्यांदा कळली ती रानात कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाच. गावातली सज्जन माणसे तेव्हा झोपलेली होती.

परवा समजले की त्याचे वडील आता पहाटे साडेपाचला उठतात. गाडी वाजली की आधण ठेवतात. बापलेक फारसे बोलत नाहीत, चहा पितात. एके दिवशी वडिलांनी एक बोंडूक स्वतःच्या कानात घालून पाहिले आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवले म्हणे. तो म्हणाला, "फादर, अर्धं मिनिट तरी ऐकलं!"

राहिला रविवारचा प्रश्न. १९८३ च्या धर्मसंहितेने शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची मानली आहे, आणि त्याच ठिकाणी प्रभूच्या दिवशी शरीराला व मनाला योग्य विसावा मिळावा, असेही म्हटले आहे. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे दोन्ही लक्षात ठेवावे. त्यांच्या घरच्यांनी दुसरे विशेष लक्षात ठेवावे. आपली युवक-युवतींची सभा वर्षानुवर्षे रविवारी सकाळी नऊला भरते, म्हणजे रात्री झोपणाऱ्यांच्या सोयीने. या महिन्यापासून तिच्या जोडीला शेवटच्या शनिवारी, संध्याकाळच्या मिस्साआधी पाच वाजता, चर्चच्या सभागृहात आणखी एक बैठक ठेवत आहोत. रात्रपाळीची मुले-मुली यावीत, त्यांच्या आईवडिलांनीही यावे. विषय काही नाही. चहा आणि खारी असेल. आपल्या आवडीचे एकेक गाणे प्रत्येकाने आणावे, ते सर्वांना ऐकू येईल असे स्पीकरवर लावले जाईल, आणि पुरते संपेपर्यंत कोणी उठणार नाही.