फोडी आणि विडा : नित्यसेवेतील प्रेम

प्रेम मोठ्या त्यागात प्रकट होते, असा सामान्य समज आहे. मग नित्याच्या लहान कृतीत प्रेम किती आणि सवय किती, हे साधकाने विचारावयास हवे.

लीळाचरित्रात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाबरोबरच आरोगणा, गुळळा, फोडी, विडा, पहुड हा दिनक्रम पुनःपुन्हा येतो. फोडी म्हणजे सुपारीची खांडे. बाइसांची सेवा अशाच कृतींतून घडली. आणि तेराव्या शतकात आठवणी संकलित करताना म्हाइंभटांनी त्या क्षुल्लक म्हणून वगळल्या नाहीत.

फोडीमागील कष्ट दिवेआगरसारख्या सुपारीच्या गावी सहज उमजतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने तेथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ फळावर यावयास पाच-सात वर्षे लागतात. तोवर शिंपणे नियमित हवे. एके दिवशी शंभर घागरी ओतल्याने चुकलेल्या दिवसांची भरपाई होत नाही. प्रेमाचेही तसेच आहे. मोठ्या दानात दात्यास आपले दातृत्व दिसते; नित्याच्या शिंपण्यात ते दिसत नाही.

तथापि कृती लहान आहे एवढ्यानेच ती निर्मळ ठरत नाही. मोबदल्याच्या अपेक्षेने केली तर तो व्यवहार. ममत्वाने केली तर तो मोह. कसोटी एकच : समोरच्याची गरज पाहून कृती बदलते काय? दात पडलेल्या वृद्धापुढे नेहमीचीच फोड ठेवणे ही सवय. त्याच्यासाठी ती बारीक कातरणे हे प्रेम. ईश्वरसेवेची योग्यता इच्छिणाऱ्याने आधी पंगतीतील शेजारच्या ताटाकडे पाहावे.